यंत्रमानवाचं कुंकू

आमच्या कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या थिएटरातल्या त्या डोअरकीपरचं नाव मला कधीच कळलं नाही. साठच्या दशकातली गोष्ट, मी आठ वर्षांची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यंत्रं-अवजारं पुजायच्या आयुधपूजेच्या सकाळी मुलांसाठी इंग्रजी सिनेमा लागला होता. दारातच पुठ्ठ्याचा, माणसाहून उंच यंत्रमानव उभा होता. त्याचे लाल डोळे पाहून मी आईचा पदर धरला आणि आत जायला साफ नकार दिला.

डोअरकीपर ताट घेऊन प्रोजेक्टरला, पंख्यांना, स्वतःच्या बॅटरीलाही कुंकू लावत फिरत होता. मला कानडी मिसळत म्हणाला, "स्वल्प थांब, अक्का, जरासंच." तो स्टुलावर चढला, काहीतरी आठवून खाली उतरला, चपला काढल्या आणि पुन्हा चढला. मग यंत्रमानवाच्या कपाळाला कुंकू लावून त्याने हात जोडले.

आई हसली. "अहो, पुठ्ठा आहे तो!"

"असू दे की. आत सिनेमात बुडणारी पोरं वर काढतो तो. राबणाऱ्याला आजच्या दिवशी वगळायचं कसं?"

मी पदर सोडला. आत अंधारात तो यंत्रमानव धाडधाड पावलं टाकत पडद्यावर आला, तेव्हा पोरं किंचाळली. मी श्वास रोखून त्याच्या कपाळाकडे पाहत होते.

सिनेमा काळा-पांढरा होता. कुंकू मात्र मला लालच दिसलं.