वैनीनं इचारायला सांगितलेली गोष्ट

आत्ताच सांगायला पाहिजे, न्हाईतर परत धीर व्हायचा न्हाई. हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई — आईला न्हाई, मैत्रिणीला न्हाई. टायपिंगच्या क्लासात बसून भराभर बडवतीय, चुका होतील, होऊ द्या. आज सकाळी आमचे आबा कवठे महांकाळला गेले, माझ्या वैनीच्या माहेरी. पिशवीत काडीमोडाचा कागद. टाईप कुणी केला? मीच. ह्याच मशीनवर.

सुरुवात एवढीशी हुती. दोन वर्सांमागं आमच्या घरी, मलकापूरला, जागरण घातलं हुतं. आन नेमकी त्याच दिवशी वैनीची अडचण येणार! एकुलती सून बाजूला बसली तर निवद कोण करणार? आई म्हणाली, "कराडला जा, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आण. डॉक्टरीणबाईंना इचारून आण हां." सगळ्याच घरात चालतं की हे. देवाचं असलं की गोळ्या, लगीन असलं की गोळ्या.

निघताना वैनीनं मला न्हाणीपाशी गाठलं. "वन्सं, बाईंना तेवढं इचारा — गेल्या खेपेला नुसता डाग पडला. तुमचं दादा सुट्टीवर येऊन गेल्यात न्हवं..." दादा फौजेत. वैनी लाजली. "आत्यांना इतक्यात नगा सांगू. नसलं काय तर उगं हसं हुईल." आत्या म्हंजे तिची सासू, माझी आई.

मी गेले. दवाखान्याच्या दारापतोर गेले — आन बाकावर आमच्या वर्गातल्या एका पोराची आई! बिनलग्नाची पोरगी हितं काय करती, असं बघितलं तिनं. मी उलट्या पावली मेडिकलमध्ये. त्यानं बिनचिठ्ठीच्या दिल्या.

घरी येऊन वैनीला म्हणाले, "इचारलं. बाई म्हणाल्या, काय हुत न्हाई, खावा."

मला कळत नव्हतं का? बी.एस्सी.ला हुते मी, हार्मोनचा धडा तोंडपाठ! वैनीला हातवारे करून सांगितलं पण — प्रोजेस्टेरॉन हाय तवर पिशवीचं आतलं अस्तर टिकतं, ते उतरलं की अस्तर सुटतं, तीच पाळी; गोळी म्हंजे तसंच बाहेरनं दिलेलं. वैनी हसली. "लय हुशार हाय आमची वन्सं." आन पाण्याबरोबर गोळी गिळली.

जागरण झकास झालं. गोळ्या बंद केल्या. पुस्तकात हाय, मग दोन-तीन दिवसांत पाळी येती. तिसरा दिवस गेला. पाचवा. आठवा. मी रोज सकाळी उठून आधी चुलीकडं बघायची — आज बाजूला बसली का? न्हाई. वैनी आपली भाकऱ्या थापत हुती. मग पुस्तक काढून बघितलं. एवढ्या आठवड्यांचा गर्भ घेवड्याच्या दाण्याएवढा. काळीज कवाच सुरू झालेलं. बोटांच्या जागी नुसते कोंब. मी पुस्तक मिटलं. तवा तरी बोलायचं का न्हाई? कुणी धरलं हुतं माझं तोंड?

तीन आठवड्यांनी धुणं धुताना वैनी मटकन खाली बसली. दगडावरनं लाल पाणी व्हायलं. रिक्षानं मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टर दुसरे. मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनीच झालं असं मी म्हणत नाही. पण आधी नुसता डाग पडला, हे कुणालाच सांगितलं नाही?"

वैनी खाटेवरनं म्हणाली, "वन्संना सांगितलं हुतं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मला?" मी म्हणाले. "मला कायबी सांगितलं न्हाई."

आई वैनीकडं फिरली. "म्हंजे ठावं असून गप बसलीस? नकोच हुतं व्हय तुला पोर?" तिथनं ते घरभर झालं, मग गल्लीभर.

आन तरी — थांबा, हे ह्याच्याहून वाईट हाय.

वैनीला लिवता येत न्हाई. सही तेवढी येती. दादाला तिची पत्रं मीच लिवायची. दवाखान्यातनं आल्यावर ती आंतरदेशीय घेऊन माझ्याजवळ आली. राग न्हाई, कायच न्हाई. "तुमी इसरला असाल वन्सं," म्हणाली. "आता आठवलं न्हवं? मग लिवा, मी वन्संना सांगितलं हुतं, मुद्दाम केलं न्हाई."

मी मान हलवली. लिवलं — "मला ठाऊक हुतं, मी कुणाला सांगितलं न्हाई. माझी चूक झाली." आन मोठ्यानं वाचून दाखवलं ते तिनं सांगितलेलं. एकबी शब्द न अडखळता. तिनं ऐकलं, "बरोबर," म्हणाली, आन खाली सावकाश सही केली. नाव, मग आडनाव.

दादाचं उत्तर आलं ते आईच्या नावानं, आन सोबत वैनीचं पत्र परत. चौथ्या दिवशी वैनीला माहेरी पोचवलं.

त्या पत्राची झेरॉक्स आज कागदाला टाचलीया. टाचणी मी लावली. आबा म्हणाले, "नीट बघ गं, काय राहिलं न्हाई न्हवं?" मी म्हणाले, न्हाई.

आता तिथं कुणीतरी ते पत्र वैनीला वाचून दाखवत असंल. ती ओळ ऐकून तिचं तोंड कसं झालं असंल, हे मला हितनं दिसतंय.

तुमच्या बाबतीत झालंय का असं — कुणीतरी तुमच्यावर इश्वास टाकून सही केली, आन वर तुमी भलतंच लिवलेलं हुतं?