मरळ कशी धरू नये

मी पंचवीस वर्षं अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्यामुळे फळ्यावर आकृती काढता आली की जगातली कुठलीही गोष्ट जमते, असा माझा पक्का समज आहे. बायकोला हा समज माहीत आहे. म्हणून मी ‘सोपं आहे ते’ म्हणालो, की ती गॅस बंद करून बाहेर येते.

या खेपेला सोपी गोष्ट होती मासा पकडणं.

झालं असं, की बाबांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पंधरा दिवस ब्याऐंशी वर्षांचा माणूस दोन चमचे पेज घ्यायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा. वरण नको, खिचडी नको, काहीच नको. डॉक्टरांनी बजावलं, सोमवारपर्यंत पोटात नीट अन्न गेलं नाही तर भरती करावं लागेल. आणि पुन्हा दवाखान्यात गेलो तर मी काही परत येत नाही, असं बाबांनी आधीच जाहीर केलेलं. शेवटी शुक्रवारी माझं डोकं फिरलं. ओरडलोच, “मग खाता तरी काय, ते सांगा!”

भिंतीकडूनच उत्तर आलं, “मरळ.”

“आणतो ना. आत्ता बाजारात जातो.”

“बाजारातली नको. तळ्यातल्या गाळाचा वास येते तिले. पूर्णेची पाहिजे.”

आमचं गाव मूर्तिजापूरकडचं, पूर्णा नदीच्या काठाचं. तरुणपणी बाबा तिथे मरळ पकडण्यात पटाईत होते. लहानपणी मी हट्ट करून एकदाच त्यांच्यासोबत गेलो आणि इतकी बडबड केली, की त्यांनी मला अर्ध्या तासात घरी हाकललं. माझ्या तोंडाला घाबरून सगळे मासे अकोल्याकडे पळाले, असं ते अजून पाहुण्यांना सांगतात.

“सोपं आहे ते,” मी म्हणालो. आतून गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

मला आत्मविश्वास होता, कारण दोन वर्षांपासून मी रोज जेवताना ऑस्ट्रेलियातल्या नद्यांवरचे मासेमारीचे व्हिडिओ बघत होतो. तिथला एक गोरा गडी नावेत बसतो, गळ फेकतो, मांडीएवढा मासा काढतो. मासाही मूळचा त्या नदीतलाच. मग तो त्याला दोन्ही तळव्यांवर आडवा घेतो, कॅमेऱ्यापुढे हात लांब करतो, मुका घेतो आणि परत सोडून देतो. मला ते बघून भरून यायचं. त्या भरात मी ऑनलाइन गळाची काठीही मागवली होती. शनिवारी गच्चीवर सराव केला. पहिल्याच फेकीत हिची वाळत घातलेली साडी गळाला लागली. मासा वजनदार होता.

रविवारी पहाटे दुचाकीला काठी बांधून निघालो. गावात चुलत मोठा भाऊ शेती करतो, त्याला दादा म्हणतो मी. कापूस वेचणीचे दिवस, तरी काम सोडून आला बिचारा. त्याच्याजवळ एक बांबूची काठी, गांडुळांचा डबा आणि एक पोतं. मी नदीकाठी चादर अंथरून पक्कड, मोजपट्टी, आमिषाचे प्लास्टिकचे बेडूक, टोपी, डासांचं मलम असं सगळं मांडलं.

“काहून बे,” दादा म्हणाला, “मासा धरतं का त्याचं ऑपरेशन करतं?”

मी त्याला फेकीचा कोन पंचेचाळीस अंशच का हवा, ते समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे तंबाखू मळली.

दुपारपर्यंत मी पुढील गोष्टी पकडल्या: बाभळीची फांदी, स्वतःची टोपी, दादाची विजार आणि तळहाताएवढी एक चिलापी. चिलापी म्हणजे बाहेरून आलेला मासा. आता जिथे पाणी तिथे ती. बाबांसमोर तिचं नावही काढायची सोय नाही. ती मी सोडून दिली, मुका न घेता. दादाला तर एकही मासा मिळाला नाही, कारण दिवसभर तो माझ्या दोरीचा गुंताच सोडवत होता.

अचानक तो माझ्याजवळ येऊन हुंगायला लागला. “तुह्या हाताले कायचा वास येऊन राहिला?”

डासांचं मलम! सकाळपासून त्याच हातांनी मी गळाला गांडूळ लावत होतो. पूर्णेतल्या माशांना मी दिवसभर औषध खाऊ घालत होतो, दुसरं काय. दादानं मला काठावर बसवून गाळानं तीनदा हात घासायला लावले, माझी काठी बाजूला फेकली आणि आपला बांबू दिला. “आता बोलू नको. तेवढं जमते का पाह्य.”

तेवढंच जमत नाही मला. पण बाबांचं ते भिंतीकडचं तोंड आठवलं आणि मी खरोखर गप्प बसलो.

चारच्या सुमारास बांबू वाकला. मी ओढलं. काठावर माझ्या हाताएवढी काळीभोर मरळ आपटत होती. मी! पूर्णेची मरळ! आनंदानं मला वेडच लागायचं बाकी होतं.

“आधी पोत्यात टाक!” दादा ओरडला.

“आधी फोटो! बाबांना दाखवायचाय!” मी त्याच्या हातात फोन कोंबला, मरळ दोन्ही तळव्यांवर आडवी घेतली आणि हात लांब केले. प्रसादाचं ताट धरतात तसे. दोन वर्षं बघत होतो ना.

मरळ म्हणजे साबणाची वडी. तिनं एकदाच अंग मोडलं आणि गेली. मागोमाग मीही कपड्यांसकट कंबरभर पाण्यात उडी मारली. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

अंधार पडेपर्यंत बसलो, पण पुन्हा काही लागलं नाही. परत येताना बडनेऱ्यापर्यंत मी गाडीवर रडत होतो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. उद्या सोमवार होता.

घरी बाबा जागे होते. तोंड दाराकडे होतं.

“घावली?”

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो, ते जमलं नाही. फोन पुढे केला. फोटो काढण्याऐवजी दादानं व्हिडिओचं बटण दाबलं होतं, सगळं आलं होतं त्यात. बाबांनी तो न हसता पाहिला. “मले बसव,” म्हणाले. उशीला टेकून पुन्हा पाहिला.

“अबे, गालफडात दोन बोटं घालाची अस्तेत. असं धरते का कोणी?”

“तुम्ही शिकवलंत कधी? मला तर घरी हाकललं होतं.”

त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, दोन बोटं कुठे घालायची, अंगठा कुठे दाबायचा, ते दाखवलं. पकड घट्ट होती. मग पुन्हा व्हिडिओ लावायला सांगितला आणि या वेळी मात्र त्यांना हसू फुटलं. “मासा इकडे गेला अन् हा तिकडे उडी मारून राहिला! अरे बाप्पा!” हसता हसता ठसका लागला.

हिनं मोका साधला. वरणात कुस्करलेली भाकर ताटलीत घालून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बघितलंही नाही. डोळे फोनवर, हात ताटलीत. माझी फजिती तोंडी लावून बाबा जेवत होते.

“पुन्हा लाव,” ते भरल्या तोंडानं म्हणायचे आणि मी लावायचो.

सातव्यांदा मी पाण्यात पडलो, तेव्हा ताटली रिकामी झाली होती.