वसंताची मूठ

उताऱ्यातला नारळ उचलून त्याचं खोबरं खाल्लेला माणूस आहे मी. त्यामुळे भुताखेतांचं मला सांगू नका. पण परवा परळच्या आमच्या जुन्या चाळीत गेलो होतो. अंगणातल्या हुतात्मा स्मारकापाशी एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "आजोबा, यांची मूठ का नाही वळलेली?"... म्हणून लिहितोय.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली गोष्ट. नाक्यावरच्या गोळीबारात आमचा वसंता गेला. मिलमध्ये तो माझ्याच खात्यात होता. पोलिसांनी कागदावर लिहिलं — हातात दगड होता. आम्ही त्याचा पुतळा करायचं ठरवलं. चाळ कमिटीला उगारलेली मूठ हवी होती, आणि सर्वांत जास्त मला. मी सेक्रेटरी ना! वसंताची आई, शेवंतामावशी, एकटी आडवी आली.

"माझो झील दगड मारूक गेलो नव्हतो. पोरांका मागे सारीत होतो, हात उघडो होतो. तुम्ही मूठ केलात तर पोलिसांचाच खरा होतला."

आम्ही तिला गप्प केलं. त्याची आजही लाज वाटते.

लालबागला गणपती घडवणाऱ्या अण्णांनी शाडूचा नमुना केला. सकाळी मूठ वळून ओलं फडकं गुंडाळलं. दुपारी सोडलं तर पंजा उघडा! मी भडकलो.

"अण्णा, वर्षभर आशीर्वादाचे हात करता, सवयीने केलात ना?"

"गणपतीची शपथ, मी हात लावला नाय. तूच कर बघू."

केली. बोटं मी स्वतः मिटवली, मागून अंगठ्याने दाबली, ठसा स्पष्ट उमटला. फडकं बांधून दोघं समोरच डबा खायला बसलो. भर दुपार, दार सताड उघडं. कुणी आलं नाही, गेलं नाही. हात धुऊन मी फडकं सोडलं...

पंजा उघडा. मागे माझ्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा! कुणी हात नव्याने घडवला असता, तर ठसा राहिला असता का? मला भीती नाही वाटली, रडू आलं.

संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, "परत वळवा." मी म्हटलं, "वळवणार नाही. काय करायचं ते करा!" सेक्रेटरीपद गेलं. गेलं तर गेलं. पण अण्णाही परत मूठ वळेनात, आणि पुतळा तसाच झाला.

माती सुकताना उलगडते, असं नंतर एकाने समजावलं. मला पटलं नाही, आणि दुसरं कारणही आजवर सापडलेलं नाही. स्मारक उभं राहिलं त्या दिवशी मावशी स्टुलावर चढली. त्या पंजावर तिने आपला हात ठेवला आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली,

"आता दाखवा म्हणा पोलिसांका... खंय आसा तो दगड?"