घरी राहिलेली जुळी

आम्ही जुळ्या. ती जराशी आधी जन्मली म्हणून थोरली, मी धाकटी. मुलुंडला आमच्या शेजारणी एकीला दुसरीच्या नावानं हाक मारत, इतक्या सारख्या. मॅट्रिकनंतर आईला अर्धांगवायू झाला आणि एकीनं घरी राहायचं ठरलं. माझ्या पोळ्या मऊ होत, म्हणून मी राहिले. ती कॉलेजात गेली. पोळ्या चांगल्या करू नयेत, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं मला बघायला एक प्राध्यापक आले. पदार्थविज्ञान शिकवत. नेमकी तेव्हाच ती कॉलेजातून आली आणि खुर्ची ओढून बसली. काहीतरी बोलायचं म्हणून वडिलांनी विचारलं, "माणूस काळात मागंपुढं जाऊ शकेल म्हणतात, ते खरं का हो?"

"पुढं जाऊ शकेल. समजा, या दोघी जुळ्या. यांना अग्निबाणात बसवलं," त्यांनी तिच्याकडे बोट केलं, "आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरवून आणलं. यांची थोडीच वर्षं जातील. तेवढ्यात घरी राहिलेली म्हातारी होईल." आता बोट माझ्याकडे होतं. सगळे हसले. पोह्यांच्या बशा हातात धरून मीही हसले.

"आणि मागं?" मी विचारलं. बघायला आलेल्यांना मुलीनं काही विचारायचं नसतं.

"मागं नाही. त्यासाठी प्रकाशाच्याही पुढं पळावं लागेल. ते कुणालाच जमत नाही."

आठवड्याभरात मध्यस्थ निरोप घेऊन आले, थोरली पसंत आहे. आई पडल्या पडल्या म्हणाली, "चला, स्थळ घरातच राहिलं." लग्नात करवली म्हणून मलाच मिरवलं.

ती अंधेरीला नांदायला गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. मुलगी वाचली. तेरावं झालं आणि वडिलांनी मला न विचारताच जावयाला शब्द देऊन टाकला. माय मरो, मावशी जगो, असं जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या. ही म्हण ज्यानं केली त्याचं तोंड मला एकदा बघायचंय.

लग्नाआधी मी त्यांना म्हटलं, "मागं जाता येत नाही म्हणाला होतात."

"मागं कुठं जातोय? पुढंच जायचंय. मुलीला आई हवी." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. तिला शोधत होते. मला किळस आली, पण चेहरा कुठं लपवणार?

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी समोरच्या बिऱ्हाडात नवीन बाई आल्या. हळदीकुंकवाला आल्या आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर थांबल्या. "अगंबाई, केवढी तरुण हो. धाकटी बहीण का तुमची?"

"थोरली," मी म्हटलं.

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे, आणि बिचाऱ्या ओशाळल्या. मला त्या मेलेलीचा हेवा वाटला. हे गणित ज्यांना येत होतं ते समोरच पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.