एकच शीट बाकी

कन्नडच्या जीपस्टँडवर कडूबांचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्यानं ते स्टँड पाहिलंच नाही म्हणायचं. पस्तीस वर्षं हा माणूस लिंबाखाली उभा राहून घाट उतरणाऱ्या जिपा भरून देत होता. माईक नाही, भोंगा नाही. डावा हात कानावर ठेवायचा, छाती भरून घ्यायची आणि आवाज फेकायचा, "चाळीसगाऽऽव! चला घाटखाली! एकच शीट बाकी, एकच शीट!" बाजाराच्या गलबल्यातही ती हाक पार पलीकडच्या हॉटेलात चहा पिणाऱ्याच्या पाठीत बसायची. बशीतला चहा तसाच टाकून लोक पळत यायचे.

बघतात तर जीप रिकामी.

आता रिकाम्या जिपेत शहाणा माणूस बसत नाही. ती भरेपर्यंत सुटायची नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून कडूबा आधी दोन-तीन खोटे प्रवासी बसवून ठेवायचे. शाळेला सुट्टी लागली की त्यात त्यांची लेक असायची, सुलेखा. दोन वेण्या, मांडीवर पिशवी आणि चेहऱ्यावर मामाच्या गावाला निघाल्याचा भाव. काय काम करायची पोरगी! खरी माणसं भरत आली की कडूबा बॉनेटवर दोन थापा मारायचे आणि सुलेखा पलीकडच्या दारानं गुपचूप उतरायची. बालपणी ती शंभरदा चाळीसगावला निघाली, पोचली एकदाही नाही.

तीच सुलेखा आज चाळिशीची. वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला जाते. आठ दिवसांची रजा टाकून ती शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात बापाच्या उशाशी बसली होती. कडूबांची बायपास झाली होती. ऑपरेशन झकास झालं, आयसीयूतून वॉर्डात आले, नळ्याही निघाल्या. पण ज्या माणसाच्या हाकेनं स्टँड हलायचं, तो छातीशी उशी कवटाळून कुजबुजत पडला होता.

"अण्णा, खोका ना जरा," सुलेखा म्हणाली.

"छाती तारेनं शिवलीय म्हणं. खोकलं अन् तार तुटली तर?"

"आजवर एकाचीही तुटलेली नाही, आजोबा," रूपा सिस्टर म्हणाली.

"मंग पैला मीच आसंल."

चालायचंही तेच. दोन पावलं टाकायचे, "आता उद्या" म्हणायचे आणि खाटेवर बसायचे. सकाळी डॉक्टरांनी सुलेखाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "छातीत कफ साचतोय. संध्याकाळच्या राऊंडपर्यंत खोकले नाहीत, चालले नाहीत, तर परत आयसीयूत न्यावं लागेल."

सुलेखानं हात जोडले. रागावून पाहिलं. नातवाला, सत्यमला, फोनवर गळ घालायला लावली. कडूबा उशी सोडेनात. दुपारी ती जिन्यात जाऊन एकटीच रडली, नळावर तोंड धुतलं, आणि तोंड पुसता पुसता तिला ती जीप आठवली.

समोरच्या खाटेवर फर्दापूरचे कचरू होते. त्यांचंही तसलंच ऑपरेशन. तेही चालायला कुरकुरायचे. सुलेखानं त्यांच्या बायकोला, भामाबाईंना, गाठलं आणि कानात सगळा बेत सांगितला. भामाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रूपा सिस्टरलाही सामील करून घेतलं.

चार वाजता रोग्यांना व्हरांड्यातल्या मोठ्या खिडकीपर्यंत फिरवून आणतात. चारच्या ठोक्याला सुलेखा वॉर्डाच्या दारात उभी राहिली आणि मुद्दाम मरगळल्या आवाजात म्हणाली, "खिडकीला कोण येतंय का... कुणी येणार असंल तर..."

एक डोकं हललं नाही. ठरल्याप्रमाणे भामाबाईंनी नवऱ्याला हाताला धरून दारात आणून उभं केलं.

"चला की मग," कचरू म्हणाले.

"नाय काका, गाडी भरल्याबिगर नाय निघायची." सुलेखा पुन्हा किरकिरली, "येतंय का कुणी..."

खाटेवर चुळबुळ सुरू झाली. कडूबा एका कुशीवर झाले. मग सिस्टरचा हात धरून उठून बसले.

"ए पोरी! ही काय हाक झाली? मयताला बोलावती काय?"

"मला नाय जमत, अण्णा. तुम्ही दाखवा."

"अन् एकच शीट बसवून व्हय? निदान तीन तरी दिसायला पायजेत." त्यांचा डावा हात आपोआप कानाशी गेला. उजव्या हातानं उशी छातीशी घट्ट धरली. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी श्वास पार बेंबीपर्यंत ओढला.

"चाळीस—"

पुढचं 'गाव' आलंच नाही. खोकला आला. एक, दोन, तीन, चार! रूपा सिस्टरनं चपळाईनं भांडं पुढं धरलं. साचलेला कफ भडाभडा बाहेर पडला.

कडूबांनी छाती हळूच चाचपली. एकदा, दोनदा.

"तार हाय की जाग्यावर!" ते म्हणाले. आणि मग ती जुनी हाक, जरा चिरकलेली, पण तीच, "चाळीसगाऽऽव! चला खिडकीखाली! एकच शीट बाकी!"

"आजोबा, दवाखाना आहे हा!" रूपा सिस्टर हसू दाबत म्हणाली. पण तोवर दोन खाटांवरून पाय खाली आले होते.

"म्हातारी शीटं म्होरं. कचरूभाऊ, तुमी डायवरच्या बाजूला. भामावहिनी, तुमचं तिकीट नाय, बाजूनं चाला."

"लई शहाणे हायेत!" भामाबाई म्हणाल्या.

वरात निघाली. पुढं कचरू, मागं दोघं, त्यामागं कडूबा. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला दंड धरून सुलेखा. पाच पावलं, दहा पावलं. मध्यावर आल्यावर कडूबांनी भिंतीच्या कठड्यावर हात आपटला. दोन थापा.

सुलेखाच्या लक्षात आलं. म्हाताऱ्यानं सगळं कधीच ओळखलं होतं.

तिनं दंड सोडला आणि गुपचूप बाजूला झाली. कडूबांनी मागं वळूनही पाहिलं नाही. सिस्टरच्या सोबतीनं सावकाश, एकेक पाऊल टाकत, जीप खिडकीपर्यंत गेली. बाहेरच्या उन्हाकडे सगळ्यांनी क्षणभर पाहिलं, आणि जीप परत फिरली.

समोरून राऊंडला निघालेले डॉक्टर आले आणि जागच्या जागी थबकले. त्यांनी तिथंच स्टेथोस्कोप लावून कडूबांची छाती ऐकली, सुलेखाकडे पाहून मान हलवली आणि हसून विचारलं, "मग काय कडूबा, आयसीयूत जायचं का?"

"तिकडची गाडी आज बंद हाय, सायेब," कडूबा म्हणाले. "कन्नडची इचारा. एकच शीट बाकी हाय."