हिरवी गाडी आणि माझा काचपेपर

"आतून घास गं, बाहेरून काय कुणीही घासतं." नाशिकला दुधाचं पातेलं घासायला बसले की आई मागे उभी राहून हे म्हणायची. माझ्या हाताला ते वळण कायमचं लागलं... आणि गेल्या महिन्यात एका शनिवारी त्यानंच घोटाळा केला.

माझा नवरा श्रीधर दिवसभर सॉफ्टवेअर टेस्ट करतो आणि उरलेला वेळ पार्सिपनीतल्या आमच्या गॅरेजमध्ये एका हिरव्या मसल कारखाली आडवा असतो. गाडी एकोणसत्तर सालची, मोठ्या ताकदीच्या इंजिनाची. तीन हिवाळे त्यानं तिच्यावर घातले. मित्र म्हणायचे, "श्री, यार, तू ही चालवायला घेतलीस की खाली झोपायला?" तो नुसता हसायचा.

हे सगळं एका ड्रॅग रेससाठी. पाव मैलाचा सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, आधी पोचेल तो जिंकला. पण या रेसची अट अशी की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच हवी. टायरसुद्धा त्या काळच्या मापाचे, अरुंद. श्रीधरला रेसपेक्षा ही अटच जास्त आवडली होती, असं मला अजूनही वाटतं...

फेब्रुवारीत तो चार दिवस कामासाठी शिकागोला गेला. गाडीचा एक जड लोखंडी भाग वॉशिंग मशीनवर पेपर घालून ठेवला होता. त्याला इनटेक म्हणतात, त्यातून हवा आणि पेट्रोल इंजिनात जातं. मी सहज आत बोट घातलं, तर वाळूसारखं खरखरीत. इतक्या प्रेमानं जपलेल्या गाडीत हे असं कसं...

तीन दुपारी बसून बोट पोचेल तिथपर्यंत मी तो काचपेपरनं घासला. छान गुळगुळीत झाला. मग साबणाच्या पाण्यानं धुतला. श्रीधर आल्यावर म्हणाला, "अरे वा, धुतलास?" मी हो म्हटलं. घासल्याचं वेगळं काय सांगायचं...

तर तो शनिवार. पेनसिल्व्हेनियात मक्याच्या शेतांमधला ट्रॅक, आणि आम्ही गाडी तपासायच्या रांगेत. तपासायला पांढऱ्या मिशांचे एक आजोबा होते. आमच्या पुढच्या एका गाडीचा कार्ब्युरेटर त्यांनी काढायला लावला, खाली बोट घातलं आणि मान हलवली. तो माणूस निमूटपणे गाडी घेऊन रांगेबाहेर गेला.

"काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"आतून घासलंय त्यानं," श्रीधर म्हणाला. "कारखान्यातून इनटेक खरखरीतच येतो. गुळगुळीत केला की हवा जास्त जाते, ताकद वाढते. सरळसरळ चीटिंग आहे."

आता आमच्यापुढे एकच गाडी उरली होती. सांगितलं तर त्याचे तीन हिवाळे गेले... नाही सांगितलं तर तो आनंदानं रेस करणार, आणि ती खरी नाही हे फक्त मला माहीत असणार.

"श्री, आपलापण घासलेला आहे. मी घासला. तू शिकागोला होतास तेव्हा."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "किती नंबरचा काचपेपर?"

"तुझ्या ड्रॉवरमधला... बारीक."

"बारीक," तो म्हणाला, आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसला.

आमचा नंबर आला. आजोबांनी टायर बघितले, इंजिनावरचे आकडे कागदाशी ताडून पाहिले आणि बॉनेट खाली केलं. बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं काचेवर नंबर लिहायला हातही उचलला. झालं, सुटलो... माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू.

"सर, थांबा," श्रीधर म्हणाला. "आम्ही इनटेक आतून घासलाय."

आम्ही. बायकोनं, असं तो म्हणू शकला असता. आणि ते अगदी खरं झालं असतं.

"मी काही तो उघडणार नव्हतो," आजोबा म्हणाले.

"माहीत आहे."

"कुणाची आयडिया?"

"घरातलीच."

आजोबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काचेवर दुसरंच काहीतरी लिहिलं. स्पर्धेत नाही, पण एकट्यानं एकदा पळवा, वेळ मोजून घ्या, असा त्याचा अर्थ होता.

शेजारची लेन रिकामी होती. श्रीधरनं इतक्या हलक्या पायानं गाडी सोडली की त्या अरुंद टायरांचा आवाजसुद्धा झाला नाही... मग एकदम गडगडाट झाला आणि ती हिरवी गाडी बघता बघता लहान होत गेली. चौदा पॉइंट सहा सेकंद. कुंपणाजवळ उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला मी न विचारताच सांगून टाकलं, तो माझा नवरा आहे.

जेवणाच्या वेळी आजोबा आमच्याकडे आले. दोन धपाटे खाल्ले, तिसरा कागदात गुंडाळून घेतला. ओहायोतल्या एका माणसाचा नंबर लिहून दिला, त्याच्याकडे अस्साच इनटेक आहे म्हणे. "न घासलेला," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

तो इनटेक परवा आला. तीन हिवाळ्यांनंतर आता चौथा. श्रीधरनं मला त्याबद्दल अजून एका शब्दानं बोल लावलेला नाही, आणि मला या माणसाचा किती अभिमान वाटतो हे तोंडानं सांगणं मला जमलेलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

श्री, तू हे वाचशीलच. पुढच्या वर्षी एक रन मला शेजारी बसवून कर. गाडीत एकच माणूस, हा नियम मला माहीत आहे... आणि तू काय म्हणशील तेही. तरी विचारते. बसवशील?