चीननं ज्यांचं ऐकलं ते वामनभाऊ

वामनभाऊ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्मटीका करत. पालघरला स्टेशनजवळ एका पडवीत त्यांच्या पक्षाची कचेरी होती. तिथं दहाबारा माणसं सतरंजीवर बसत आणि हे उभे राहून स्वतःचे दोष सांगत. "माझा पहिला दोष म्हणजे मी प्रकृतीकडे लक्ष न देता राबतो. दुसरा, मी माणसांवर चटकन विश्वास टाकतो." याहून वाईट दोष त्यांनी स्वतःत कधी शोधून काढल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्यांची पाळी आली की मात्र त्यांची नजर तीक्ष्ण होई. एका शिंप्यानं स्वतःच्या शर्टाला दोन खिसे लावले म्हणून त्याची वृत्ती भांडवलदारी असल्याचं त्यांनी सर्वांसमोर जाहीर केलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पालघरच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, त्याच वर्षी ते एक पत्रक घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. "बाई, शुद्धलेखन तेवढं बघा. विचारांना हात लावू नका." 'शोषण' हा शब्द त्यांनी अकरा वेळा आणि अकराही वेळा चुकीचा लिहिला होता. तो मी सुधारून दिला आणि पुढची पंधरा वर्षं त्यांची सगळी पत्रकं माझ्या हातून गेली.

बुटकी मूर्ती, आवाज मात्र मैदानभर पोचणारा. भाषणाला उभं राहायचं तर पायाखाली स्टूल लागे. मूळचे शिरगावचे. वडिलांची चिकूची वाडी होती. ती सोडून हे क्रांतीच्या मागे लागले. चीन हा त्यांचा देव. स्वतः सुरतेच्या पलीकडे गेले नव्हते, पण संध्याकाळी रेडिओवर चीनचा हिंदी कार्यक्रम ऐकत आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या गावांची नावं अशी घेत, की वाटावं ती सफाळ्याच्या पुढची स्टेशनं आहेत.

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट मला हसून सोडता आली नाही. मनोरच्या बाजूला एका पाड्यावर आदिवासींची डोंगरउताराची जमीन एका सावकारानं बळकावली होती. वामनभाऊंनी तिथं लोकांना नांगर धरायला लावला. सावकाराची माणसं काठ्या घेऊन आली तेव्हा हे एकटे आडवे उभे राहिले. मी इस्पितळात भेटायला गेले, तर खांदा प्लॅस्टरमध्ये आणि तोंडानं पत्रक सांगणं चालूच. खाटेपाशी जमिनीवर जानकी बसली होती. सगळ्यात आधी नांगर तिनं धरला होता. ती मला म्हणाली, "आमी पळालो, बाई. भाऊ हलला नाय." वामनभाऊ तिला बजावत होते, "जानकी, आता जीव गेला तरी ही जमीन सोडायची नाही." तिनं मान डोलावली. सोडली नाही. तिथं ती नागली आणि वरई पिकवू लागली.

आणीबाणीत ते तुरुंगात गेले. त्यांच्या बराकीत बोईसरचा एक व्यापारी होता, साठेबाजीत पकडलेला. क्रांतिकारकानं व्यापाऱ्याला वर्गसंघर्ष शिकवायला घेतला आणि व्यापाऱ्यानं क्रांतिकारकाला रमी. दीडेक वर्षानं दोघं सुटले तेव्हा व्यापारी होता तसाच होता. वामनभाऊ मात्र सांगू लागले, की कारखानदारालाही रात्री झोप लागत नाही, तोही एका अर्थी कष्टकरीच. हे ऐकून पक्षानं त्यांना काढून टाकलं. ठराव एकमतानं झाला आणि पहिला हात त्या शिंप्यानं वर केला.

पुढची दोन वर्षं ते शिरगावला चिकूच्या झाडांना पाणी घालत होते. इकडे तारापूरच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहत होते. मग पेपरात आलं, की चीनमध्येही एक पडद्याआड टाकलेला बुटका, म्हातारा पुढारी परत आलाय आणि त्यानं परदेशी कारखान्यांना दार उघडलंय. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना वाटलं, आता वामनभाऊ हाय खाणार. आठवडाभर ते कुणाशी बोलले नाहीत. मग माझ्याकडे आले, चहा मागितला आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, चीननं माझं ऐकलं."

त्यानंतर त्यांना थांबवणं कठीण होतं. सत्ताधारी पक्षात गेले, पंचायत समितीचे सभापती झाले. खादीचा झब्बा सफारी सूट झाला आणि स्टुलाच्या जागी व्यासपीठ आलं. पत्रकं अजून माझ्याकडेच येत. 'शोषण' गेलं, 'गुंतवणूक' आली. कबूल करायला हवं, हा शब्द त्यांनी पहिल्या दिवसापासून बिनचूक लिहिला.

जीपगाडीतून फिरता फिरता त्यांना एका रंगाच्या कारखान्यासाठी जागा सापडली, ती नेमकी जानकीच्या उताराखालची सपाटी. उतारही हवा होता, मालाच्या रस्त्यासाठी. लोकांना समजावायला ते पाड्यावर गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. शाळेतली बाई बरोबर असली की सभेला शोभा येते. मी का गेले याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांनी सांगितलं, घरटी एकाला नोकरी मिळेल, पक्का रस्ता होईल, वीज येईल. मग जानकी उठली.

"भाऊ, तुमीच सांगलं, जीव गेला तरी सोडायची नाय. आता सोडा सांगता. तवां खोटं बोलले, का आता?"

"तेव्हाही खरं, आत्ताही खरं," वामनभाऊ म्हणाले. "परिस्थिती बदलली, जानकी."

तिनं डोंगराकडे पाहिलं. बदललेलं तिला बहुतेक काही दिसलं नसावं. पण समोरच्या माणसानं तिच्यासाठी खांदा मोडून घेतला होता. तिनं अंगठा दिला. ती देते म्हटल्यावर पाड्यानं दिला.

कारखाना झाला. जानकीच्या मुलाला, लहानूला, नोकरी मिळाली, कंत्राटदाराकडे पिंपं धुण्याची. दुसऱ्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या विहिरीचं पाणी तांबडं झालं. तक्रार घेऊन माणसं आली तेव्हा मी सभापतींच्या खोलीत होते. चौकशीचं आश्वासन देऊन त्यांनी माणसांना वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "निदान रंग तरी आपला आहे." मीही हसले. ते हसू मला अजून टोचतं.

ऐंशीचं दशक सरता सरता कंत्राटी कामगार फाटकासमोर बसले. बरेचसे सालवडच्या चाळींतले होते, काही पाड्यावरचे. पाणी द्या, हातमोजे द्या, कायम करा, एवढंच मागणं होतं. घोषणा जुन्याच, वामनभाऊंनीच कधीकाळी लिहिलेल्या. तिसऱ्या दिवशी ते जीपमधून आले. कामगारांना वाटलं, भाऊ आपल्यात येऊन बसणार. त्यांनी जागा केली. भाऊ खाली उतरलेच नाहीत. मालक वापीला जायची भाषा करतोय, गुमान उठा, असं त्यांनी गाडीतूनच सांगितलं. एक बिहारी कामगार म्हणाला, "साहब, आप ही तो बोले थे हक माँगना।" जीप वळली आणि तासाभरात पोलीस आले. लहानूचा उजवा हात कोपरात मोडला. तो पुन्हा सरळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी वामनभाऊ माझ्या घरी पत्रक घेऊन आले. लाठीमार झालाच नाही, बाहेरच्या लोकांनी गोंधळ घातला आणि पळापळीत काहीजण पडले, असा मजकूर होता. मी दोनदा वाचला. एकही चूक नव्हती. मी कागद परत दिला आणि म्हटलं, "भाऊ, लहानू माझा विद्यार्थी होता. हे मी हातात धरणार नाही."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "शिस्त नसेल तर इथं काहीच उभं राहणार नाही, बाई. तुम्हाला आज कळणार नाही." चहा न घेता उठले. त्यानंतर माझ्या घरी ते आले नाहीत.

नव्वदनंतर पक्षानं त्यांना तिकीट नाकारलं. ते शिरगावला परतले. राजकारण सुटलं. तरी पत्ते सुटले नाहीत. तो बोईसरचा व्यापारी दर गुरुवारी रमी खेळायला येई. गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा शिरगावच्या किल्ल्यासमोरच्या समुद्रात सोडली.

शोकसभा पालघरला झाली. व्यासपीठावर एका बाजूला जुने कॉम्रेड, दुसऱ्या बाजूला कारखानदार. एकानं त्यांना गरिबांचा कैवारी म्हटलं, दुसऱ्यानं विकासाचा शिल्पकार, आणि दोघांनी एकमेकांचं बोलणं न ऐकल्यासारखं केलं. कुणीतरी 'लाभार्थींचं मनोगत' असा कार्यक्रम ठेवला होता. त्यासाठी जानकीला पाड्यावरून जीप पाठवून आणलं होतं. लहानू बरोबर होता, उजवा हात पोटाशी धरून.

तिला माईकपाशी उभं केलं. माईक तिच्या डोक्याहून उंच होता, तो कुणी खाली केला नाही. पण सभागृह एवढं शांत झालं होतं, की शेवटच्या रांगेतही मला ऐकू आलं.

"भाऊनी आमाला जमीन दिली," ती म्हणाली. "भाऊनीच नेली. मधली आठ वरसं नागली आमची होती. तवां पोरं पोटभर जेवली." ती थोडी थांबली. "तेवढ्यासाठी आली मी."

नमस्कार करून ती खाली उतरली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. मग निवेदकानं घसा साफ केला आणि आभारप्रदर्शनासाठी कारखान्याच्या मॅनेजरांना पाचारण केलं. त्यांचे आभार संपायच्या आत जानकी आणि लहानू चालत एसटी स्टँडकडे निघून गेले होते. परत सोडायला जीप नव्हती.